फाटकाच्या आतले अठरा दिवस

फाटक समोरच होतं आणि मी ते शोधत होतो. ज्या फाटकापाशी अर्ध्या युरोपाची घडी बदलायला लागली, ते निदान भव्य तरी असेल अशी माझी समजूत. प्रत्यक्षात परळ-लालबागच्या कुठल्याही गिरणीला शोभलं असतं असं लोखंडी गजांचं साधं फाटक, बाजूला पहारेकऱ्यांची चौकी आणि वर पोलिश अक्षरांत गोदीचं नाव. गजांमध्ये फुलं खोचलेली, पोप जॉन पॉल दुसरे यांची तसबीर आणि चेन्स्तोहोवाच्या काळ्या मेरीचं चित्र. पोलंडच्या ग्दान्स्क शहरातल्या जहाजबांधणी गोदीचं हे दोन नंबरचं फाटक. त्या दिवशी शनिवार होता. बाबागाड्या ढकलत, आइस्क्रीम चाटत माणसं त्या फाटकातून आतबाहेर करत होती.

फाटकाच्या अलीकडे चौकात पोलादाचे तीन क्रूस उभे आहेत. त्यांची उंची ४२ मीटर आणि प्रत्येकावर एकेक नांगर टांगलेला. त्यांच्यामागे एक लांबलचक, तांबूस इमारत दिसते. पहिल्या नजरेत ती गंजलेली वाटते आणि ते खरंही आहे. जहाजाच्या सांगाड्यासारख्या या इमारतीला मुद्दाम अशा पोलादाचे पत्रे लावलेत, की वर चढलेला गंजाचा थरच आतल्या धातूला राखतो. हे 'युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर'. ते ऑगस्ट २०१४ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. ज्या कामगार संघटनेनं बंदूक न उचलता एका कम्युनिस्ट राजवटीला वाटाघाटीला बसवलं, तिचं हे संग्रहालय. मराठी वर्तमानपत्रांत ती 'सॉलिडॅरिटी' म्हणून आली आणि तिचा पुढारी 'लेक वालेसा' म्हणून. पोलिश उच्चार लेख वाऊएन्सा असा आहे. मूळ शब्द 'सोलिदार्नोश्च'. त्याला आपल्याकडे मोर्च्यात रुळलेला शब्द आहे, एकजूट.

दारावरून गेलेलं प्रेत

शांततेची चळवळ म्हटली की डोळ्यांपुढे सोशिक, संतवृत्तीची माणसं येतात. ग्दान्स्कचे कामगार तसले नव्हते. संग्रहालयात हिंडताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर १९८० मध्ये त्यांनी काय साधलं याची किंमतच कळत नाही.

१२ डिसेंबर १९७० ला, नाताळ दोन आठवड्यांवर आलेला असताना, सरकारनं मांसासकट खाद्यपदार्थांचे भाव वाढवले. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर तेल, साखर, रवा एका रात्रीत महागावा तसं. सोमवारी, १४ तारखेला, गोदीचे कामगार काम टाकून फाटकाबाहेर पडले आणि पक्षाच्या कचेरीवर चालून गेले. दुसऱ्या दिवशी ती कचेरी पेटली. १६ तारखेला दोन नंबरच्या फाटकातून बाहेर येणाऱ्यांवर लष्करानं गोळ्या झाडल्या. त्याच संध्याकाळी उपपंतप्रधानांनी कामगारांना कामावर परत यायचं आवाहन केलं. ते ऐकून शेजारच्या ग्दिनिया शहरातले कामगार १७ तारखेला पहाटे गोदीच्या स्टेशनवर लोकलमधून उतरले, तर समोर सैनिक आणि रणगाडे. कामावर निघालेली माणसं वाटेतच मारली गेली. एका अठरा वर्षांच्या मुलाचा देह लोकांनी निखळलेल्या दारावर ठेवला आणि त्याच्यामागून मिरवणुकीनं सगळं शहर चाललं. बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत मिळून त्या आठवड्यात चाळीसहून अधिक माणसं गेली.

पक्षप्रमुख गोमुऊका पायउतार झाले, गिएरेक आले. पण भाववाढ मागे घेतली गेली ती फेब्रुवारी १९७१ मध्ये, आणि तीही वूच शहरातल्या कापडगिरण्यांमुळे. तिथल्या कामगारांत बायका बहुसंख्य होत्या. त्या साचे बंद करून आतच थांबल्या, बाहेर येऊन त्यांनी काहीही पेटवलं नाही. सरकारला गोळी झाडायला रस्ताच मिळाला नाही आणि त्यांची मागणी मान्य झाली.

फाटकाबाहेर पडलेल्यांना गोळ्या मिळाल्या आणि आत बसलेल्यांना स्वस्त मांस. पुढची दहा वर्षं पोलंडचे कामगार हा धडा घोकत होते. १९७६ मध्ये पुन्हा भाववाढ झाली, रादोम आणि उर्सुसच्या कामगारांना मारहाण झाली, अनेकांची नोकरी गेली. तेव्हा वॉर्सातल्या काही बुद्धिवाद्यांनी या कामगारांना वकील आणि पैसे मिळवून देण्यासाठी समिती काढली. तिच्यातला एक म्होरक्या याचेक कुरोन. पक्षाच्या समित्या जाळत बसू नका, स्वतःच्या समित्या उभ्या करा, हा त्याचा सल्ला. एप्रिल १९७८ मध्ये ग्दान्स्कला 'किनाऱ्यावरच्या स्वतंत्र कामगार संघटना' या नावानं मूठभर माणसं जमली. त्यांत गोदीतून काढलेला एक वीजतंत्री होता, लेख वाऊएन्सा, आणि गोदीतच यारी चालवणारी अन्ना वालेन्तिनोविच.

यारीची केबिन

संग्रहालयाचं पहिलं दालन म्हणजे गोदीच. छताला पिवळ्या शिरस्त्राणांच्या रांगा लटकलेल्या. एका बाजूला बॅटरीवर चालणारी मालवाहू गाडी. ऑगस्ट १९८० मध्ये तिच्यावर चढून वाऊएन्सा भाषण करायचा. आणि एक यारीची केबिन. चारी बाजूंनी काच, बसायला खुर्ची, हाताशी दांडे. अशा केबिनमध्ये अन्नाबाईंनी वर्षानुवर्षं काढली. त्यांचा जन्म १९२९ चा. पोरकेपणात वाढल्या, १९५० मध्ये वेल्डर म्हणून गोदीत लागल्या, आजारपणानंतर यारीवर गेल्या. एकेकाळी सरकारनंच त्यांना आदर्श कामगार म्हणून गौरवलं होतं. ७ ऑगस्ट १९८० ला त्यांना कामावरून काढलं. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

१४ ऑगस्टला, गुरुवारी पहाटे, तीन-चार तरुण कामगार त्यांना परत घ्या अशी पत्रकं घेऊन गोदीत शिरले. संप पुकारला गेला, जमाव वाढत वाढत दोन नंबरच्या फाटकाशी आला. १९७० मध्ये याच क्षणी फाटक ओलांडलं गेलं होतं. या खेपेला पुढे असलेल्यांनी जमाव थांबवला. दहा वर्षांपूर्वी इथेच पडलेल्यांसाठी मिनिटभर सगळे स्तब्ध उभे राहिले, राष्ट्रगीत म्हटलं आणि माघारी वळले. माझ्या मते ते मिनिट हाच या चळवळीचा खरा जन्म.

त्याच सकाळी वाऊएन्सा भिंत चढून आत आला. भिंतीची ही गोष्ट पोलंडमध्ये अजून वादाची आहे, पण तिची दिशा मला महत्त्वाची वाटते. पुढारी बाहेर नेण्यासाठी आला नव्हता, आत बसवण्यासाठी आला होता.

शनिवार दुपार

तिसऱ्या दिवशी संप जवळजवळ संपलाच होता. १६ ऑगस्ट, शनिवार. गोदीच्या संचालकांनी पगारवाढ मान्य केली, अन्नाबाई आणि वाऊएन्साला परत घेतलं, १९७० च्या मृतांच्या स्मारकालाही होकार दिला. वाऊएन्सानं संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. माणसं पिशव्या उचलून फाटकांकडे निघाली.

पण एव्हाना शहरातल्या दुसऱ्या कारखान्यांनी गोदीच्या पाठिंब्यासाठी काम थांबवलं होतं. त्यांना काहीच मिळालं नव्हतं. ट्राम थांबवून आलेली चालक हेन्रिका क्शिवोनोस ओरडून सांगत होती, गोदी सुटली की आम्हा लहानांना चिरडून टाकतील. ध्वनिक्षेपक बंद केले गेले होते. तेव्हा ती, दवाखान्यातली परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का, एवा ओसोव्स्का आणि अन्नाबाई अशा चौघी धावत फाटकांवर गेल्या आणि बाहेर निघालेल्यांना अडवायला लागल्या. बहुतेक जण गेलेच, हजारभर थांबले. स्वतःच्या मागण्या मान्य झाल्यावर दुसऱ्यांसाठी थांबलेली ती हजारभर माणसं. एकजूट हा शब्द पोलंडमध्ये त्या दुपारी कामाला लागला. त्या रात्री सगळ्या कारखान्यांची मिळून एक संयुक्त संपसमिती झाली. आठवड्याभरात निघालेल्या संपाच्या बातमीपत्रालाही तेच नाव मिळालं. येझी यानिशेव्स्की या तरुण चित्रकारानं ते लाल रंगात असं लिहिलं, की अक्षरं गर्दीतल्या माणसांसारखी एकमेकांना खेटून उभी राहिली. त्यातल्या एका अक्षराच्या हाती झेंडा आहे.

संयुक्त समितीनं २१ मागण्या ठरवल्या, दोन प्लायवूडच्या फळ्यांवर हातानं रंगवल्या आणि फाटकावर टांगल्या. त्या मूळ फळ्या आता संग्रहालयात आहेत. पुढे आलेल्या लष्करी राजवटीत त्या एका पोटमाळ्यावर लपवलेल्या होत्या, २००३ मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृतिठेव्यात त्यांची नोंद केली. मी त्यांच्यासमोर भाषांतराचा कागद घेऊन उभा राहिलो. पहिली मागणी पक्ष आणि मालक यांच्यापासून स्वतंत्र अशा कामगार संघटनेची. दुसरी संपाच्या हक्काची, तिसरी भाषण आणि छपाईच्या स्वातंत्र्याची. चौथीत राजकीय कैद्यांची सुटका. पुढे मात्र फळ्यांवर घरचा हिशेब सुरू होतो. दोन हजार झ्वोटींची पगारवाढ, मांसासाठी रेशनकार्ड, पाळणाघरं, तीन वर्षांची पगारी बाळंतपणाची रजा, दवाखान्यांची सुधारणा. शेवटची, एकविसावी मागणी सगळ्या शनिवारांच्या सुट्टीची.

विचारस्वातंत्र्य आणि पाळणाघर एकाच फळीवर, एकाच कुंचल्यानं. वॉर्साहून आलेल्या विद्वानांना पहिली मागणी झेपणारी नाही असं वाटत होतं. ती सोडायला कामगार तयार झाले नाहीत. त्यांचं साधं गणित होतं. स्वतःची संघटना नसेल, तर आज मिळालेलं मांस उद्या काढून घेतील.

तिसऱ्या मागणीपाशी मला कोल्हापूर आठवलं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सायबेरियात हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही हजार माणसं १९४३ पासून पाच वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांची हकिकत करवीरकरांना तोंडपाठ होती. कम्युनिस्ट पोलंडच्या पाठ्यपुस्तकात मात्र ती छापायची सोय नव्हती.

काचेच्या भिंतीआड

फाटक ओलांडून चालत गेलं की विटांची एक बैठी इमारत लागते. कामगारांना सुरक्षा आणि आरोग्याचे धडे देण्यासाठी वापरलं जाणारं हे सभागृह. इथे उपपंतप्रधान मिएचिस्वाव यागिएल्स्की वाटाघाटीला आले. ते आणि वाऊएन्सा एका छोट्या खोलीत बसले. खोलीची भिंत काचेची, काचेपलीकडे कामगार प्रतिनिधींची गर्दी, आणि टेबलावरच्या ध्वनिक्षेपकातून दोन्ही बाजूंचा शब्दन्‌शब्द गोदीभर ऐकू जात होता. प्रतिनिधी तो कॅसेटवर टिपून आपापल्या कारखान्यांत नेत होते. मंत्र्याला बंद दाराआड पुढाऱ्याशी सौदा करायची आणि पुढाऱ्याला तसा मोह व्हायची, दोन्ही वाटा एका काचेनं बंद केल्या.

अठरा दिवस शिस्त अशीच राखली गेली. गोदीत दारूला बंदी. रविवारी आवारातच प्रार्थना. बायकामुलं फाटकाच्या गजांतून डबे देत होती आणि गजांना फुलं बांधत होती. सरकारनं शहराचे टेलिफोन तोडले, तर ते जोडल्याशिवाय बोलणी नाहीत असं समितीनं ठणकावलं. आणि पहिली मागणी पदरात पाडून घेण्यासाठी तिनं राज्यातलं पक्षाचं वर्चस्व कागदावर मान्यही केलं. कुठपर्यंत जायचं याबरोबर कुठे थांबायचं हेही ठरलेलं. ३१ ऑगस्ट १९८० ला, रविवारी, पोपच्या चित्राचं भलंमोठं पेन काढून वाऊएन्सानं करारावर सही केली. तोवर सातशेहून अधिक कारखाने संपसमितीत आले होते. पुढच्या वर्षभरात साडेतीन कोटींच्या देशात 'सोलिदार्नोश्च'चे सभासद एक कोटीच्या घरात गेले. आणि १६ डिसेंबर १९८० ला, गोळीबाराच्या दहाव्या वर्षी, फाटकासमोर ते तीन क्रूस उभे राहिले.

रोधक

पुढच्या दालनात ढालींची रांग लागते. १३ डिसेंबर १९८१ ला, रविवारी पहाटे, जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा पुकारला. हजारो माणसं उचलली गेली. १६ तारखेला रणगाड्यानं दोन नंबरचं फाटक मोडलं. त्याच दिवशी कातोवित्सेच्या वुयेक खाणीत नऊ कामगारांना गोळ्या घातल्या. 'सोलिदार्नोश्च'वर बंदी आली.

१९७० चं सगळं पुन्हा घडायला इथे काय उशीर होता? एक कोटी सभासदांच्या संघटनेत हत्यार उचलू म्हणणारे निघाले असते, तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण भूमिगत झालेल्यांनी छापखाने काढले. श्विदनिक गावात तर लोक संध्याकाळी सरकारी बातम्या सुरू झाल्या की घराबाहेर पडून फिरायला लागले. बातम्या ऐकत नाही एवढं दाखवायला. काहींनी दूरचित्रवाणीचे संच खिडकीत, तोंड रस्त्याकडे करून ठेवले. आणि कोटाच्या कॉलरला रेडिओतला एक चिमुकला सुटा भाग लावायची पद्धत पडली, विजेचा प्रवाह अडवणारा. पोलिशमध्ये त्याच्या नावातच प्रतिकाराचा शब्द दडलेला आहे. मराठीत हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आपणही त्याला रोधक म्हणतो आणि विरोधही त्याच धातूचा.

१९८३ मध्ये वाऊएन्साला नोबेल मिळालं. बाहेर गेलो तर परत येऊ देणार नाहीत या धास्तीनं तो घरीच राहिला आणि बायको दानुता ओस्लोला गेली. १९८४ मध्ये कामगारांचे पाद्री येझी पोपिएऊश्को यांचा गुप्त पोलिसांनी खून केला. अंत्ययात्रेला लाखो लोक आले, दगड मात्र पडला नाही. १९८८ मध्ये पुन्हा संपांची लाट आली आणि सरकार गोलमेज वाटाघाटींना तयार झालं. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत संसदेच्या ज्या जागा खुल्या होत्या, त्या बहुतेक सगळ्या 'सोलिदार्नोश्च'नं घेतल्या. वरिष्ठ सभागृहात १०० पैकी ९९. त्याच दिवशी बीजिंगमध्ये रणगाडे विद्यार्थ्यांवर चालून गेले होते.

विजयानंतरची गोदी

इथवर संग्रहालय चढत्या स्वरात बोलतं. शेवटच्या दालनांपैकी एका भिंतीवर पांढऱ्या आणि लाल चिठ्ठ्या अडकवून येणाऱ्याजाणाऱ्यांनी 'सोलिदार्नोश्च' हे नाव पुन्हा जुळवलं आहे. पण गच्चीवर गेलं की खाली गोदी दिसते, याऱ्या उभ्या आणि मोकळी मैदानं. १९८० मध्ये इथे सुमारे १७,००० कामगार होते. १९९६ मध्ये, वाऊएन्साचं राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर वर्षभरात, गोदीचं दिवाळं निघालं. तिच्या बऱ्याच जमिनीवर आता नवं शहर वसतंय.

हे पाहताना मुंबईची आठवण टाळणं मला जमलं नाही. पोलंडमध्ये रणगाडे उतरल्यावर पाचच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार आणि बोनस तर मागण्यांत होतेच. पण १९४६ च्या कायद्यानं एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी मोडून आपली संघटना आपण निवडू द्या, हेही त्यांचं म्हणणं होतं. ग्दान्स्कच्या फळीवरची पहिली मागणी, वेगळ्या राजवटीत, वेगळ्या भाषेत.

दोन संपांची तुलना पुढाऱ्यांवरून करण्याचा मोह होतो. मला ती फाटकावरून करावीशी वाटते. आपला गिरणी कामगार फाटकाबाहेर होता. कोकणात, साताऱ्याला, सांगलीला गावी जाऊन त्यानं दीड वर्ष कळ काढली. पण गिरणी बंद राहण्यात तोटाच होईल, अशी पाळी अनेक मालकांवर नव्हती. पुढे १९९१ च्या नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या. ग्दान्स्कचा मालक म्हणजे सरकार. त्याला गोदी बंद ठेवणं परवडत नव्हतं, कारण कामगारांचं राज्य अशीच त्याची पाटी होती. आत बसलेल्या माणसाची ताकद आत त्याची गरज असेपर्यंतच असते. १९८९ नंतर बाजार आला आणि ग्दान्स्कच्या कामगाराला हे कळलं. जे सरकार त्यानं हटवलं, त्यालाच काय ती त्याची गरज होती.

चळवळीतली माणसंही पांगली. अन्नाबाई आणि वाऊएन्सा यांचं हाडवैर झालं. १९७० च्या दशकात त्यानं गुप्त पोलिसांना माहिती पुरवली हा आरोप अजून देशाला दोन बाजूंत विभागतो. अन्नाबाई २०१० च्या स्मोलेन्स्क विमान अपघातात गेल्या. संप वाचवणाऱ्या चौघींच्या मानानं १९८९ च्या गोलमेजाभोवती बायका शोधाव्या लागतात. फाटकसुद्धा भांडणातून सुटलं नाही. १९८० सारखं दिसावं म्हणून २०१२ मध्ये महापौर पावेऊ आदामोविच यांनी त्यावर लेनिनचं नाव पुन्हा लावलं आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते कापून काढलं. जानेवारी २०१९ मध्ये आदामोविच यांचा एका धर्मादाय कार्यक्रमाच्या व्यासपीठावर खून झाला. त्याच महिन्यात सरकारनं संग्रहालयाचं अनुदान कापल्याचं कळलं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून दोनच दिवसांत जवळपास तीस लाख झ्वोटी जमवले.

संध्याकाळी मी पुन्हा दोन नंबरच्या फाटकाशी आलो. सकाळपेक्षा गर्दी वाढली होती. इमारतीच्या तळमजल्यावर काचेच्या छताखाली बाग आहे, तिथे तर बसायला जागा नव्हती. कॉफी पिणारी जोडपी, पळणारी पोरं, वर्तमानपत्र उघडून बसलेले म्हातारे. त्यातल्या बऱ्याच जणांनी फळ्या पाहिल्याही नसतील. आज इतकी माणसं कशी, असं मला वाटून गेलं आणि मग वार आठवला. एकविसावी मागणी.